रेडक्लॉ की याबी?
ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधला भाचा विचारत होता, शेततळ्यात कुठला क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, कोळंबीसारखा प्राणी) सोडू, रेडक्लॉ जातीचा की याबी जातीचा. दोघांचं खाणं सारखंच रे, कुजका पालापाचोळा, त्यातले किडे, वर थोड्या पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या, त्याही संध्याकाळी टाक कारण हे रात्रीचे फिरतात, उरलं की पाणी नासतं.

खरा फरक पिल्लांत. रेडक्लॉची मादी शेपटीखाली अंडी चिकटवून ६ ते १० आठवडे सांभाळते, पण पाणी २३ डिग्रीच्या वर हवं, १० च्या खाली मरतात. याबी थंडी काढतो, पण पिल्लं इतकी की सगळेच बारके राहतात, शिवाय बांधात बिळं पाडतो.

तुझ्याकडे उष्ण हवा, रेडक्लॉच घे. थंड भागात याबी, तेही निवडून फक्त नर, शेवटच्या पायांच्या मुळाशी बारीक उंचवटे असतात ते.