साभार परत न येणारी कथा : एका ऑनलाइन कथास्पर्धेच्या अटींचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात एका वाचन-संकेतस्थळाने जाहीर केलेल्या मराठी कथास्पर्धेसाठी मी अडीचशे रुपये प्रवेशशुल्क भरले. आयोजनात खोट काढण्यासारखे फारसे नव्हते. परीक्षकांची नावे आधीच जाहीर झाली होती, शब्दमर्यादा वाजवी होती, युनिकोडमधील मजकूर विनासायास चढवता येत होता आणि शंकेला दोन दिवसांत उत्तर मिळत होते. तरीही या स्पर्धेला मी पाचापैकी दोनच तारे देतो, आणि त्याचे कारण अटींमधील नववे कलम हे आहे.

प्रवेशिका सादर होताच त्या कथेच्या प्रकाशनाचे, भाषांतराचे, श्राव्य रूपाचे व चित्रपट-मालिका रूपांतराचे सर्व हक्क जगभरासाठी आणि कायमस्वरूपी आयोजकांकडे जातील, असा त्या कलमाचा आशय होता. यातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द कोणाच्याही डोळ्यांत भरेल; पण खरी मेख ‘सादर होताच’ या दोन शब्दांत आहे. हक्क विजेत्यांनीच द्यायचे असते, तर निदान बक्षिसाची रक्कम हा त्यांचा मोबदला आहे असे म्हणता आले असते. येथे मात्र शेकड्यांनी येणाऱ्या आणि काहीही न जिंकणाऱ्या कथाही तशाच दिल्या जातात, तेही देणाऱ्यानेच शुल्क भरून. पूर्वी आम्ही संपादकांकडे कथा पाठवताना स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडत असू. ‘साभार परत’ वाचून दोन दिवस जेवण गोड लागत नसे, पण हस्तलिखित घरी येत असे आणि ते दुसऱ्या अंकाकडे पाठवता येत असे. या स्पर्धेत नाकारलेली कथाही परत येत नाही. शिवाय आलेल्या सर्व कथा संकेतस्थळावर ठेवण्याची मुभा आयोजकांनी घेतली आहे. म्हणजे एकदा ती तेथे झळकली की ‘अप्रकाशित’ साहित्य मागणाऱ्या दिवाळी अंकांचे आणि अन्य स्पर्धांचे दार तिच्यासाठी बंद होते. नवोदितांना हा तोटा सहसा वर्षभराने, दुसरीकडे कथा पाठवताना कळतो.

कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे, पण अटी नीट न वाचणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे अभिहस्तांतरण, म्हणजे ते दुसऱ्याच्या नावे करून देणे, लेखी व देणाऱ्याच्या स्वाक्षरीचे असावे लागते. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यावर, हे नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. त्यामुळे ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही जुन्या पत्रकांतली एका ओळीची अट दिसते तितकी भक्कम नसते. उलट या स्पर्धेचे कलम कोणा जाणकाराने लिहिलेले आहे, कारण मुदत आणि प्रदेश हे दोन्ही रकाने त्याने आवर्जून भरून टाकले आहेत. भविष्यात निघणाऱ्या सर्व माध्यमांवरचा दावा मात्र त्याला इतका सहज साधणार नाही. अभिहस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा त्यात विशेष उल्लेख असल्याशिवाय ते त्या माध्यमाला लागू होत नाही, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये केली आहे.

पुढचे कलम परवान्याचे होते. अभिहस्तांतरण कोणत्याही कारणाने टिकले नाही, तर लेखकाने अनन्य, म्हणजे फक्त आयोजकांनाच वापराची मुभा देणारा, परवाना दिला असे समजले जाईल, अशी ती पर्यायी व्यवस्था होती. परवान्याला लेखी रूप लागते, पण २०१२ नंतर त्यावर स्वाक्षरीची सक्ती राहिलेली नाही. म्हणून ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनातली खूण येथे अधिक वजनदार ठरू शकते. ‘अनन्य’ असल्यामुळे स्वतःची कथा स्वतःच्या संग्रहात घेण्यासाठीही लेखकाला परवानगी मागावी लागेल. याच जागी साधा, अनन्य नसलेला, एका वर्षाचा आणि केवळ विजेत्या कथांपुरता परवाना मागितला असता, तर माझी काहीच तक्रार नव्हती. स्पर्धेच्या संकलनासाठी तेवढा पुरतो.

लेखकाचे नाव न देता आणि कथेत हवे ते बदल करून ती वापरण्याची संमतीही गृहीत धरलेली होती. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विपर्यासाला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हिंदी कादंबरीकार मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात, हक्क देण्याचा करार या कलमाच्या अधीन राहूनच वाचावा लागेल, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घेतली होती. अर्थात अडीचशे रुपयांच्या स्पर्धेसाठी उच्च न्यायालयाची पायरी कोण चढणार, हे अटी लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार.

मी आयोजकांना पत्र लिहून विचारले, तेव्हा अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले की प्रत्यक्षात आम्ही केवळ विजेत्या कथाच वापरतो. हे वाक्य अटींमध्येच घालावे, अशी विनंती केल्यावर मात्र पुढचे उत्तर आले नाही. शेवटच्या दिवशी मी कथा चढवली नाही आणि शुल्क परत मागितले. ते मिळणार नाही, असे कळले. त्याबद्दलचे कलम तेवढे एका ओळीचे आणि निःसंदिग्ध होते.