मोतीबिंदूच्या टेबलावर तानपुरा: निवड उत्तम, स्पीकर चुकीच्या जागी

फेको पद्धतीची (अल्ट्रासाऊंडच्या बारीक टोकाने मोतीबिंदू फोडून तुकडे ओढून घ्यायची) मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण दहा ते वीस मिनिटांची. भूल बहुतेक वेळा नुसत्या थेंबांची, त्यामुळे पेशंट टक्क जागा. तोंडावर ड्रेप म्हणजे निर्जंतुक कापड, डोळ्यात झगझगीत उजेड, कानाशी मशीनची घरघर. घाबरून पापण्या आवळल्या, श्वास रोखला किंवा खोकला आला की डोळ्यातला दाब वाढतो, आणि सर्जनला नको असतं ते हेच. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका नेत्र रुग्णालयात यासाठी संगीताची सोय आहे. वेगळे पैसे नाहीत.

निवडीला पैकीच्या पैकी गुण. टेबलावर फक्त तानपुरा आणि त्यावर संथ बासरी. बोल नाहीत, तबला नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा सूर इथल्या कानांना परका नाहीच. आजी-आजोबा अभंगाचा आग्रह धरतात, आणि तिथेच गडबड होते. ओळखीचा अभंग लागला की ओठ हलतात, मान डोलायला लागते. मायक्रोस्कोपखाली मिलिमीटरभर हललेली मानसुद्धा डोळा जागेवरून घेऊन जाते. अभंग बाहेरच्या खोलीत खुशाल लावावेत.

बाहेरच्या खोलीचं मात्र इथे दुर्लक्ष झालंय. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पेशंट अर्धा तास तिथे बसतो, भीती तिथेच साचते, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर मालिकेतली भांडणं चालू असतात. पॅरिसमधल्या 309 पेशंटांच्या अभ्यासात (जामा ऑप्थॅल्मॉलॉजी हे वैद्यकीय नियतकालिक, 2021) शस्त्रक्रियेआधी वीस मिनिटं हेडफोनवर संगीत ऐकवलं होतं. रक्तदाब फार चढण्याचे प्रसंग संगीत ऐकलेल्यांत 13.6 टक्के होते, न ऐकलेल्यांत 52.9 टक्के. म्हणजे संगीत टेबलावर चढल्यावर सुरू करणं हे उशिराचं शहाणपण. बीपीची गोळी चुकवायला मात्र हे कारण नव्हे.

खरी तक्रार स्पीकरची. तो भिंतीवर, सर्जनच्या पाठीमागे आहे. फेको मशीनचा सूर सर्जनच्या पायाखालचं पेडल आणि व्हॅक्यूम म्हणजे ओढ यांप्रमाणे बदलतो. टोकाशी तुकडा अडकला हे सर्जनला नजरेआधी कानाने कळतं. पल्स ऑक्सिमीटरची टिकटिकही ऑक्सिजन उतरला की खालच्या सुरात जाते. खोलीभर बासरी घुमली की हे दोन्ही बुजतं. मग कुणीतरी आवाज इतका कमी करतं की ड्रेपखाली काहीच पोचत नाही. उशीखालचा चपटा स्पीकर हा यावर स्वस्त उपाय: पेशंटला ऐकू येतं, बाकीच्यांना नाही.

इअरफोन द्यायचाच तर एकच, ऑपरेशन नसलेल्या बाजूच्या कानात. दुसऱ्या बाजूला डोळा धुण्याचं पाणी कानशिलावरून थेट कानात उतरतं. शिवाय दोन्ही कान बंद केले तर “आजी, लाईटकडे बघा” हे कुणाला ऐकू जाणार? आवाज साध्या बोलण्याइतका, लय मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांची. इअरफोनचं बोंड प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटने पुसावं किंवा टाकाऊ कव्हर घालावं.

मोबाईलवरून वाजवताना फाईल आधी उतरवून घ्यावी आणि फोन फ्लाईट मोडवर टाकावा. बासरीच्या मधोमध जाहिरात किंवा रिंगटोन वाजली की पेशंट दचकतो, आणि दचकण्याची वेळ ती नव्हे. तुकडे जोडण्यापेक्षा चाळीस मिनिटांची सलग फाईल बरी.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी या सोयीत काहीच नाही. श्रवणयंत्र ड्रेपखाली दाबलं की शिट्टी मारतं. त्यांच्यासाठी सिस्टरने हात धरून बसणं जास्त उपयोगी, आणि खूण आधीच ठरवावी: खोकला येतोय असं वाटलं तर हात दाबायचा, डोकं हलवायचं नाही. नाव नोंदवतानाच ऐकू येतं का, कोणत्या कानाने, हे सांगून ठेवा. फॉर्मवर तो रकाना नाही.