यूएसबी स्पीकरफोन की लँडलाइनचा स्पीकर?

घरून मीटिंगा करायच्या तर वायरचे दोन पर्याय: लॅपटॉपला जोडायचा यूएसबी स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकाच डबीत), नाहीतर स्पीकरचं बटण असलेला लँडलाइन फोन.

विदर्भात खरी परीक्षा मे महिन्यात, कूलर सुरू असताना. लँडलाइनचे बहुतेक स्पीकर एका वेळी एकाच बाजूचा आवाज जाऊ देतात. कूलरची घरघर म्हणजे तुम्हीच बोलताय असं फोनला वाटतं आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं. दर वेळी म्यूट दाबत बसा! चांगल्या यूएसबी स्पीकरफोनमध्ये प्रतिध्वनी कापायची सोय असते, त्यामुळे दोघं एकदम बोलले तरी चालतं. मात्र तो कूलरच्या झोतात ठेवू नका. तोंडापासून दीड-दोन फुटांवर, खाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे टेबलाची थरथर माइकात जात नाही. टिनाच्या खोलीत आवाज घुमतोच, तिथे आणखी जवळ घ्या.

लाइट गेली की? तांब्याच्या जुन्या लाइनवरचा साधा फोन एक्सचेंजच्या 48 व्होल्टवर चालत राहतो. फायबरवर ते सुख नाही. मोडेम बंद, फोन बंद. यूएसबीवाला लॅपटॉपच्या बॅटरीवर चालेल, पण राउटर इन्व्हर्टरवर हवा.

पसंती यूएसबीलाच. वायर 5 मीटरच्या आत ठेवा आणि थेट लॅपटॉपला लावा. स्वस्त हबमधून (एका यूएसबीच्या अनेक जागा करणारा डबा) वीज कमी पडली की खरखर सुरू होते. नेट रडत असेल आणि मीटिंगला डायल करायचा नंबर दिला असेल, तेव्हाच लँडलाइन. तीही रिसीव्हर कानाला लावून.