आईबाबांना घेऊन ग्रँड कॅन्यन की झायन?

आईबाबा अमेरिकेत आले की लास वेगासपर्यंतचा बेत पटकन ठरतो. अडतं ते पुढे: ॲरिझोनातली ग्रँड कॅन्यनची दरी की युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान? हाताशी दोनच दिवस असतील तर दोन्हींचा हट्ट धरू नका.

ग्रँड कॅन्यन वरून बघायचं, झायन खालून. साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, गाडीतून उतरून थोडं चाललं की सुमारे 1.6 किलोमीटर खोल दरी समोर येते. गुडघे दुखणाऱ्यांचंही काही बुडत नाही, कारण कड्यालगतची वाट बरीचशी पक्की आहे आणि शटल बस फुकट आहे. समोरच्या सुळक्यांपैकी दोघांची नावं विष्णू आणि शिव अशी आहेत, हे आईबाबांना आवर्जून सांगा. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी ती दिली. मात्र इथली उंची 2100 मीटरच्या आसपास, त्यामुळे धाप लागते. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तरुण मंडळींनी नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचा विचार करू नये. जुलैत तळाशी पारा चाळिशीपार असतो आणि गडाच्या उलट इथे चढ परतीला लागतो.

झायनमध्ये बस थेट दरीच्या तळाशी सोडते. साधारण मार्च ते नोव्हेंबर तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही. शेवटच्या थांब्यापासून निघणारी रिव्हरसाइड वॉक ही दीड किलोमीटरची पक्की वाट मला फार आवडते: एका बाजूला व्हर्जिन नदी, दुसरीकडे पाझरणारा वालुकाश्म आणि त्याला लटकलेले नेचे. वाट संपते तिथून नदीच्या पाण्यातूनच 'नॅरोज' या अरुंद घळीचा ट्रेक सुरू होतो. जुलै ते सप्टेंबर अचानक लोंढा येण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवसाचा पुराचा इशारा बघूनच पाण्यात उतरा. एंजल्स लँडिंग या उंच कड्यावरच्या चढाईला 2022 पासून सोडतीतून परवाना मिळवावा लागतो.

वेगासहून झायन अडीच-तीन तासांवर, साउथ रिम साडेचार तासांवर. म्हणून एकच दिवस असेल तर झायन. मुक्काम जमत असेल तर मी आईबाबांना ग्रँड कॅन्यनलाच नेईन, कारण दरीचे रंग खुलतात ते मावळतीला आणि पहाटे. भर दुपारी सगळं फिकट दिसतं. 2026 पासून दोन्हीकडे परदेशी पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा लागतात, तेव्हा राष्ट्रीय उद्यानांच्या वार्षिक पासचा हिशेब आधी करा. कड्यावरच्या लॉजमधल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटांबरोबरच त्याही बघा.