सांगलीतून पोर्ट लुईला हळदीचा कंटेनर: सेवा बरी, कोटेशन अर्धे

न्हावा शेवा बंदराच्या आसपास बसलेले फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारे) सांगली-मिरजेच्या निर्यातदारांना 'गोदाम ते पोर्ट लुई', म्हणजे मॉरिशसच्या बंदरापर्यंत, अशी सेवा देतात. वीस फुटी कंटेनर, ट्रेलर, सीएचए (कस्टमचे काम करणारा एजंट), जहाजाचे भाडे, सगळे एकाच कागदावर येते. या कागदाच्या पहिल्या ओळीत सागरी भाडे ठळक छापलेले असते आणि घासाघीस नेमकी तिथेच होते. पण गिऱ्हाइकाला महाग पडतात त्या खालच्या बारीक ओळी, आणि काही तर कागदावर नसलेल्याच.

आधी साधा हिशेब. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे 33 घनमीटर आणि एकूण वजनमर्यादा साधारण साडेतीस टन. अख्खे हळकुंड फुगीर असते, त्यामुळे पोत्यांत 14-15 टन भरले की जागा संपते, वजनाची मर्यादा दूरच राहते. 15 टन म्हणजे 50 किलोची 300 पोती. जहाजाचे भाडे 1000 डॉलरने वाढले तरी किलोमागे फरक पडतो पावणेसात सेंटचा. हा आकडा लहान नाही, पण तो निदान आधी दिसतो. ट्रेलरचे हॉल्टिंग (थांबण्याचे भाडे), डिटेन्शन (कंटेनर ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवल्याचा आकार), बीएलमधली (जहाजाच्या मालपावतीतली) दुरुस्ती आणि चुकलेला कट-ऑफ (कंटेनर बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ) यांची बिले माल गेल्यावर येतात.

सांगलीकरांना सर्वांत बोचतो तो ट्रेलर. रिकामा कंटेनर उरण-पनवेलकडच्या यार्डातून उचलायचा, पुणे, सातारा, कराड, पेठ नाका करत सांगलीला आणायचा, भरायचा आणि त्याच वाटेने परत न्यायचा. एका बाजूला पावणेचारशे किलोमीटर धरले तर साडेसातशेचे भाडे लागते आणि त्यातले निम्मे अंतर रिकाम्या डब्यासाठी. रांजणीच्या ड्राय पोर्टची चर्चा सांगलीने पुष्कळ ऐकली. ट्रेलरवाला मात्र न्हावा शेवाचाच दर लावतो.

दुसरा रस्ता म्हणजे साध्या ट्रकने माल सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाला) पाठवायचा आणि तिथे कंटेनर भरायचा. ट्रकचे भाडे एकाच बाजूचे पडते, पण पोती दोनदा हाताळली जातात, सीएफएसची हमाली आणि साठवणूक वर चढते, भरताना आपला माणूस हजर नसतो. फाटलेली पोती तिथेच निघतात. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत स्वतःचे गोदाम, माल चढवायचा धक्का आणि कस्टमची सेल्फ-सीलिंग (स्वतःच सील लावण्याची) परवानगी असेल तर गोदामातच भरणे आणि ई-सील लावणे चांगले. धक्का नसेल तर पंचाईत. ट्रेलरवरच्या कंटेनरची जमीन चार-पाच फूट उंच असते. फळी टाकून 300 पोती चढवायला दिवस मोडतो आणि हॉल्टिंग सुरू होते. मार्केट यार्डातल्या दाटीत चाळीस फुटी ट्रेलर घालायचा विचारसुद्धा करू नये.

डबा आला की भरण्याआधी दहा मिनिटे द्या. आत उभे राहून दारे बंद करून घ्या. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तो डबा परत. लाकडी तळाला डिझेलचा किंवा रसायनाचा वास असेल तरी परत. फॉरवर्डर 'लाइनने (जहाज कंपनीने) दिलाय, चालतो' म्हणेल, पण बेदाणा भरायचा असेल तर हा वास पोर्ट लुईपर्यंत सोबत जातो. हळदीची भीती वेगळी आहे. सांगलीच्या कोरड्या उन्हात भरलेला डबा समुद्रावर रात्री गार पडतो, छताला दव धरते आणि थेंब वरच्या थरावर गळतात. बुरशी लागते ती तिथे. भिंतींना क्राफ्ट कागद, दोन्ही बाजूंच्या कड्यांना टांगलेल्या ओलावा शोषणाऱ्या सहा-आठ पिशव्या, आणि 10 टक्क्यांच्या वर ओलाव्याचा माल भरायचाच नाही. कोटेशनमध्ये 'डेसिकंट समाविष्ट' लिहिले असेल तर किती वजनाच्या किती पिशव्या ते विचारा.

कागदपत्रांत ही सेवा बहुतेक ठिकाणी समाधानकारक आहे. शिपिंग बिल, मूळ देशाचा दाखला, धुरीचा दाखला हे रुळलेले काम. भारत-मॉरिशस करार 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. शुल्कसवलत हवी तर त्या कराराच्या नमुन्यातलाच मूळ देशाचा दाखला लागतो, नेहमीचा चालत नाही. फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) दाखल्याचा मजकूर खरेदीदाराच्या आयात परवान्यातल्या अटींशी जुळला पाहिजे, म्हणून त्या अटी माल भरण्याआधी लेखी मागवा. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचे आहे. ते काट्यावर करा, नाहीतर पोती, फळ्या आणि दारावर छापलेले टेअर (रिकाम्या डब्याचे) वजन यांची बेरीज द्या. ते वेळेत गेले नाही तर कंटेनर जहाजावर चढत नाही आणि पुढच्या जहाजापर्यंतचा खर्च तुमच्या माथी. न्हावा शेवात टर्मिनल अनेक आहेत. कोणत्या जहाजाला कोणते, हे ट्रेलर सांगलीतून निघण्याआधी चालकाकडे लिहून द्यावे, कारण कट-ऑफच्या दिवशी चुकीच्या गेटच्या रांगेत गेलेले चार तास परत मिळत नाहीत.

आता बेटाचा भाग. अंतर सुमारे अडीच हजार सागरी मैल, म्हणजे थेट जहाजाने आठेक दिवस. तरी कोटेशनवर तीन आठवडे किंवा जास्त दिसतात, कारण डबा वाटेत दुसऱ्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवतात. तिथे तो पडून राहिला तरी भाडे तेच, पण हळदीला ओलावा लागायला वेळ मिळतो. शिवाय मॉरिशस आयात पुष्कळ करते, निर्यात कमी, म्हणून बरेच कंटेनर रिकामे परततात. लाइन तो परतीचा खर्च जाताना तुमच्याकडूनच वसूल करते. यात फॉरवर्डरचा दोष नाही, पण 'ट्रान्सशिपमेंट कुठे' याचे उत्तर तोंडी न घेता कोटेशनवर घ्यावे.

पोर्ट लुईला डिटेन्शनचे फुकट दिवस किती, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 7 आणि 14 दिवसांत फरक मोठा आहे आणि बुकिंगच्या आधी मागितले तरच जास्त मिळतात. डबा पोहोचल्यावर लाइन दाद देत नाही. सांगलीच्या नव्या हळदीचा हंगाम जानेवारीनंतर आणि मॉरिशसचा वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, दोन्ही एकमेकांवर येतात. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईत पाणी शिरले होते. अशा वेळी दिवस संपले तर बिल कोणाचे, हे विक्रीच्या करारात असावे. सीआयएफ (विमा आणि भाडे धरून किंमत) म्हणून विकले तरी ते आपोआप ठरत नाही.

थोड्या मालाला एलसीएल (दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच डब्यात) बरे वाटते. दर घनमीटर किंवा टन, यात जे जास्त त्यावर. हळकुंडात एका टनाला दोन घनमीटरच्या जवळपास जागा जाते, म्हणून आकारणी घनमीटरवरच होते. 13-15 घनमीटरच्या पुढे, म्हणजे सहा-सात टनांवर, पूर्ण डबाच परवडू लागतो. एलसीएलचे भाडे संशयास्पद स्वस्त दिसले तर ते पोर्ट लुईत खरेदीदाराकडून वसूल होणार हे धरून चाला. आणि हळदीशेजारी दुसऱ्याचे पांढरे कपडे असतील तर तुमचे पोते गळले म्हणून दावा येऊ शकतो.

जीएसटीचा मुद्दा फॉरवर्डर सहसा शेवटी सांगतो. निर्यातीच्या सागरी भाड्यावरची सूट 30 सप्टेंबर 2022 ला संपली. एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर) माल पाठवणाऱ्याला भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून दोन कोटेशनांची तुलना करासकटच करावी.

एकूण सेवा पूर्ण डब्याला घेण्यासारखी, एलसीएलला सावधपणे. रॉड्रिग्जचा खरेदीदार असेल तर मात्र हे कोटेशन पुरत नाही: ते बेट मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटर आहे, माल पोर्ट लुईला उतरवून पोर्ट मॅथुरिनच्या जहाजावर पुन्हा चढवावा लागतो, आणि त्या टप्प्याचे भाडे तिथल्या एजंटकडून वेगळे मागवावे लागते.