बाइट-ऑर्डरच्या चुका पकडायला वायरशार्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

दूरच्या विंडोज मशीनच्या सेटिंग्ज नेटवर्कवरून वाचून एका जागी गोळा करणारा प्रोग्राम मी सांभाळते. रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या कोठारातल्या) व्हॅल्यू, मशीनचा यूयूआयडी (मशीन ओळखायचा क्रमांक), कोणत्या फोल्डरवर कोणाला परवानगी आहे, असा सगळा मामला. या कामात सगळ्यात जास्त वेळ खातात त्या बाइट-ऑर्डरच्या चुका, म्हणजे अनेक बाइटचा आकडा कोणत्या टोकाकडून वाचायचा यातला गोंधळ. मोठ्या किमतीचा बाइट आधी असेल तर बिग-एंडियन, लहान किमतीचा आधी असेल तर लिटल-एंडियन. प्रोग्राम कोसळत नाही, एरर येत नाही, फक्त आकडा चुकीचा येतो. अशा चुका शोधायला मी गेले काही महिने वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडून उलगडून दाखवणारा प्रोग्राम, रोज वापरतेय, आणि आता त्याच्याशिवाय या कामाला हात घालायची माझी तयारी नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट रजिस्ट्रीत डीवर्ड (चार बाइटचा पूर्णांक) म्हणून असतो, मूळ किंमत ३३८९. आमच्या रिपोर्टमध्ये तो १,०२,४२,६२,१४४ दिसू लागला. पोर्ट ६५,५३५च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून निदान लक्षात तरी आलं. कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटची फाइल) घेतलं, फिल्टरमध्ये विनरेग (रजिस्ट्री दुरून वाचायचा प्रोटोकॉल) टाकलं आणि उत्तराचं पॅकेट उघडलं. खालच्या हेक्सच्या (१६ पायाच्या अंकपद्धतीच्या) चौकटीत व्हॅल्यूचे चार बाइट स्पष्ट होते: ३डी ०डी ०० ००. उलट्या क्रमाने वाचले की हेक्समध्ये डी३डी, म्हणजे ३३८९. मशीनने बरोबर पाठवलं होतं, वाचणारा चुकत होता. पायथॉनमध्ये बाइटवरून पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला पूर्वी क्रम सांगावाच लागायचा, नाहीतर एरर यायची. ३.११पासून क्रम दिला नाही तर ते गुपचूप बिग-एंडियन धरतं. आमच्या कोडमध्ये क्रम लिहिलेलाच नव्हता.

या चुकीमागे एक समज आहे, आणि तो फार पसरलेला आहे: नेटवर्कवरून आलं म्हणजे बिग-एंडियनच असणार. आयपी आणि टीसीपीच्या हेडरपुरतं ते खरं आहे. आतला माल कोणत्या क्रमात आहे हे ज्याचा त्याचा प्रोटोकॉल ठरवतो. ४४५ पोर्टवरचं एसएमबीचं (विंडोजच्या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलचं) एखादं साधं पॅकेट बघा. सुरुवातीच्या चार बाइटमध्ये लांबी आहे, ती बिग-एंडियन. त्याला लागून एसएमबी-२चं हेडर, ते लिटल-एंडियन. त्यात हेडरचा आकार ६४ हा हेक्समध्ये ४० ०० असा पडलेला दिसतो. वायरशार्कमध्ये वरच्या झाडासारख्या यादीतल्या फील्डवर क्लिक केलं की खाली नेमके त्याचेच बाइट रंगतात. माझ्यासाठी त्याची खरी किंमत या एका सोयीत आहे, कारण आकडा आणि बाइट शेजारी शेजारी आले की वाद उरत नाही.

तरीही डोकं चालवावं लागतं. रजिस्ट्री दुरून वाचली जाते ती आरपीसीतून (दूरच्या मशीनवरचं फंक्शन बोलावायच्या प्रोटोकॉलमधून). त्याच्या हेडरमध्ये डेटा कोणत्या क्रमात आहे हे सांगणारे चार बाइट असतात आणि वायरशार्क ते छान उलगडून दाखवतं. पण ते रजिस्ट्रीच्या व्हॅल्यूच्या पोटातल्या बाइटना लागू नाही. तिथे व्हॅल्यूचा प्रकार पाहायचा: प्रकार ४ असेल तर लिटल-एंडियन, ५ असेल तर बिग-एंडियन. ५ क्वचितच भेटतो, म्हणून बरेच प्रोग्राम तो हाताळतच नाहीत.

सगळ्यात कटकटीची रचना म्हणजे एसआयडी, विंडोजमध्ये वापरकर्ता किंवा गट ओळखायचा क्रमांक. परवानग्यांच्या यादीत ०१ ०५ ०० ०० ०० ०० ०० ०५ १५ ०० ०० ०० असं दिसतं. पहिले दोन बाइट सोडले की पुढचे सहा बिग-एंडियन, म्हणजे ५. लगेच त्यापुढचे चार लिटल-एंडियन, हेक्समध्ये १५, म्हणजे २१. एकाच रचनेत दोन्ही क्रम! यूयूआयडीचंही तसंच. पहिले तीन भाग उलटतात, उरलेले आठ बाइट जसेच्या तसे राहतात. त्यामुळे ००११२२३३-४४५५-६६७७ने सुरू होणारं मशीन दुसऱ्या यादीत ३३२२११००-५५४४-७७६६ म्हणून येतं आणि एकाच मशीनच्या दोन नोंदी होतात. मजकुराच्या व्हॅल्यू मात्र पटकन ओळखू येतात. यूटीएफ-१६ (दोन-दोन बाइटच्या एककांत अक्षरं साठवायची पद्धत) उलट वाचलं की साध्या इंग्रजी नावाच्या जागी चिनी अक्षरं उमटतात.

लपून राहतात त्या ० आणि सगळे एफएफ असलेल्या व्हॅल्यू, कारण त्या दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचल्या जातात. निम्म्या सेटिंग्ज शून्य असल्या की चाचणी आरामात पास होते. म्हणून चाचणीच्या मशीनवर मी मुद्दाम हेक्स १२३४५६७८ ही व्हॅल्यू लिहून ठेवते. तारेवर ती ७८ ५६ ३४ १२ अशीच दिसली पाहिजे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आपल्या खास प्रोटोकॉलसाठी लुआ या भाषेत डिसेक्टर (बाइट फोडून फील्ड दाखवणारा कोड) लिहिता येतो, पण तिथलं साधं ॲड हे बिग-एंडियन धरून चालतं. लिटल-एंडियनसाठी वेगळं फंक्शन आहे आणि नवख्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. मग वायरशार्कच पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं. स्वतः लिहिलेल्या डिसेक्टरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, खालचे बाइट हाताने वाचून बघा.

दुसरी अडचण एन्क्रिप्शनची. एसएमबी-३ एन्क्रिप्ट केलेलं असेल तर सेशनची किल्ली दिल्याशिवाय आत काहीच दिसत नाही. चालू सर्व्हरवर केवळ डीबगिंगसाठी एन्क्रिप्शन बंद करणं मला मान्य नाही. त्यासाठी वेगळं ठेवलेलं चाचणीचं मशीन वापरा आणि तिथली कॅप्चर जपून ठेवा. आमच्याकडे आता प्रत्येक बिल्डच्या वेळी टीशार्क (वायरशार्कचं कमांड-लाइन रूप) याच जुन्या फायली उघडून बाइट काढतं, आणि आमच्या प्रोग्रामने वाचलेले आकडे त्यांच्याशी पडताळले जातात.