खिशातला कॅमेरा आणि हत्तीखान्याचा काळा दगड

हत्तीखाना म्हणजे आमच्या अंबाजोगाईतली दगडात कोरलेली जुनी लेणी. तिथल्या हत्तीचा पहिला फोटो घरी येऊन टीव्हीवर लावला आणि जीव खट्टू झाला. हत्ती सिमेंटचा वाटत होता. चाळीस वर्षं मी अंबाजोगाईत राहते. त्या हत्तीच्या सोंडेवर हात फिरवलाय, पावसात तो दगड शाईसारखा काळा होतो तेही पाहिलंय. फोटोत मात्र राखाडी, धुऊन काढल्यासारखा. वाटलं, जुना कॅमेरा घेतला आणि फसले. भाचा लातूरला लग्नाचे फोटो काढतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, कॅमेरा चांगलाय. त्याला काळं कळत नाही. सगळं जग करडं आहे असं धरूनच ते चालायलंय. तूच सांग की त्याला, हे काळं हाय म्हणून."

कसं सांगायचं, हे शिकायला मला दोन महिने लागले. तेव्हापासून आठ महिने हा कॅमेरा रोज हाताळते आहे. माझ्यासारखं कुणी गावोगावचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड), बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी), शिलालेख टिपायला निघालं असेल, त्याच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

कॅमेरा सोनीचा सायबर-शॉट आरएक्स१००, अगदी पहिला, २०१२ साली आलेला. त्याच्या पुढच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. २०१३ च्या दुसरीत पडदा तिरका करता येतो, २०१४ च्या तिसरीत डोळा लावून बघायची खिडकी आली. माझ्या पहिल्यात यातलं काही नाही. लातूरच्या एका स्टुडिओवाल्याकडून भाच्याच्या ओळखीनं साडेचौदा हजारांत घेतला. बॅटरी आणि कार्डासकट वजन २४० ग्रॅम, म्हणजे पाव किलो वाटाण्यापेक्षाही कमी. पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी बसतो.

"मोबाईल आहे की हातात," असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. होता मोबाईल. २०१९ साली त्याच मोबाईलवर मी सासरच्या गावच्या वेशीतल्या वीरगळाचा फोटो काढला होता. केज तालुक्यातलं छोटं गाव, मारुतीच्या देवळाला टेकून उभा दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर एक ओळ अक्षरं होती. वाचू पुढे कधीतरी, असं म्हणत राहिले. दोन वर्षांपूर्वी हनुमान जयंतीच्या आधी गावातल्या पोरांनी हौसेनं त्या दगडाला ऑइल पेंट दिला. भक्तीनंच दिला, त्यांना बोलून काय उपयोग. घरी येऊन २०१९ चा फोटो मोठा करून पाहिला, तर अक्षरांच्या जागी नुसता गुळगुळीत लगदा. अंधाऱ्या जागी मोबाईल फोटो घासूनपुसून साफ करतो आणि त्यात बारीक कोरीव रेघही पुसली जाते. ती ओळ गेली. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना अक्षर ओळखायला शिकवलं, आणि माझ्याच गावची एक ओळ न वाचता गेली, हे माझ्या फार मनाला लागलं. कॅमेरा घ्यायचा तेव्हाच ठरलं.

या कॅमेऱ्याचं मोल त्याच्या आतल्या सेन्सरमध्ये आहे. प्रकाश ज्या चौकोनी चिपवर पडतो ती नेहमीच्या खिशातल्या कॅमेऱ्यांत साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरची असते. यातली १३.२ बाय ८.८ मिलिमीटरची आहे, म्हणजे क्षेत्रफळानं चौपट. गाभाऱ्यात, लेण्यात, बारवेच्या तळाशी हा फरक ताबडतोब दिसतो. जोडीला भिंगाचं तोंड एफ १.८ पर्यंत उघडतं. हा एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. टँकरच्या पाइपसारखं समजा. पाइप जाड असला की हंडा पटकन भरतो, बारीक असला की ताटकळावं लागतं. ताटकळताना हात हलला की फोटो हलला.

पण हे तोंड झूम न करता उघडतं तेवढंच. झूम पूर्ण ताणला की ते एफ ४.९ वर येतं, म्हणजे आत येणारा प्रकाश सातव्या हिश्शाएवढा उरतो. कॅमेरा दुकानात हातात घेऊन बघितला तर हे लक्षात येत नाही. पहिल्या महिन्यात लांब उभी राहून झूम करायचे आणि सगळे फोटो हललेले निघायचे. आता अंधारात झूमला हातच लावत नाही, चार पावलं पुढं जाते. झूम भर उन्हात, शिखरावरची मूर्ती टिपायला ठेवला आहे.

आता त्या काळ्या दगडाचं.

कॅमेऱ्याच्या आतलं मोजमाप असं धरून चालतं, की समोरचं जे काही आहे ते सरासरीनं मध्यम करडं आहे. फोटोवाले त्याला १८ टक्के करडा म्हणतात. कोकणातल्या हिरव्या झाडीत किंवा पुण्यातल्या रस्त्यावर हे बऱ्यापैकी जुळून जातं. आपल्याकडे जुळत नाही. आपली लेणी, देवळं, बारवा, वेशी, सगळं बेसाल्टचं, काळंभोर. चौकट भरून काळा दगड दिसला की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड कमी पडला. तो जास्तीचा प्रकाश घेऊन दगडाला करडा करून ठेवतो. माझा सिमेंटचा हत्ती असा झाला. उलट सप्ताहातल्या पांढऱ्या धोतर-टोपीच्या रांगेचा फोटो काढला तर तो प्रकाश कमी घेतो आणि कपडे मळकट दिसतात.

उपाय एका बटणावर आहे. मागच्या गोल चकतीची खालची बाजू दाबली की अधिक-उण्याची पट्टी येते, उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत. काळ्या दगडाला उणे १, पावसानं भिजलेल्या दगडाला कधी उणे १.३. पांढऱ्या कपड्यांना अधिक ०.७. मी हे पाठ केलंय. पण वरची चकती ऑटोवर असेल तर तेच बटण दाबल्यावर भलतंच पान उघडतं आणि ही पट्टी सापडत नाही. माझे तीन आठवडे त्यातच गेले. चकती पी किंवा ए या अक्षरावर आणा, मग पट्टी मिळेल. आणखी सोय हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन भिंगाभोवतीच्या कड्याला हेच काम लावून द्या. आता मी कडं डावीकडं-उजवीकडं फिरवते आणि पडद्यावर दगड डोळ्यांदेखत काळा होत जातो. पहिल्यांदा हत्ती त्याच्या खऱ्या रंगात उमटला, त्या दिवशी मी तिथंच ओट्यावर बसून घेतलं. कानाच्या घडीतली सावलीसुद्धा आली होती.

माझी चकती कायम ए वर असते. त्यात तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, वेळेचं कॅमेरा बघतो. बाहेर उजेडात एफ ५.६, वीरगळ वरपासून खालपर्यंत स्पष्ट येतो. एफ ११ पर्यंत तोंड बारीक करता येतं, पण एवढ्या लहान सेन्सरवर ८ च्या पुढे उलट धूसरपणा येतो, तिकडं जाऊ नये. आत अंधारात १.८. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून वाढवायचा आकडा, १६०० पर्यंत मला चालतो, ३२०० ला दगडावर वाळू सांडल्यासारखे कण दिसू लागतात. तरी हललेल्या फोटोपेक्षा कणवाला फोटो बरा, त्यात अक्षर वाचता तरी येतं. देवळात तिपाई नसली की कॅमेरा पर्सवर किंवा ज्वारीच्या छोट्या पिशवीवर टेकवते आणि २ सेकंदांचा टायमर लावते. बोट दाबताना बसणारा हिसकासुद्धा मग लागत नाही.

फ्लॅश मात्र शिलालेखाचा शत्रू आहे. कोरलेलं अक्षर दिसतं ते त्याच्या काठाच्या सावलीमुळे. फ्लॅशचा उजेड समोरून, भिंगाच्या शेजारूनच येतो, सगळ्या सावल्या खाऊन टाकतो आणि दगड पाटीसारखा कोरा दिसतो. उजेड हवा तो बाजूनं, दगडाला घासून जाणारा. पूर्वेकडं तोंड असलेला दगड असेल तर सूर्य पुरेसा वर येऊन कडेला सरकेपर्यंत थांबावं लागतं. सावलीत असेल तर टॉर्चचा झोत डावीकडून किंवा उजवीकडून, दगडाला जवळजवळ चिकटवून धरायचा. आमच्याकडे हे काम नात करते. झोत एक वीत सरकला की एक अक्षर उठतं नि दुसरं बसतं, म्हणून मी एका ओळीचे चार बाजूंनी चार फोटो घेते. काही लोक अक्षरांत खडू किंवा पीठ भरून फोटो काढतात. कृपा करून असं करू नका. दगडाला घासायचंही नाही आणि काही फासायचंही नाही.

अजिंठ्याला गेलो तेव्हा हे शिकलेलं कामी आलं. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कॅमेरा ऑटोवर असेल तर फ्लॅश आपोआप उघडून उडू शकतो, म्हणून आत शिरण्याआधी तो बंद करायचा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मी १.८ आणि १६०० वर, श्वास धरून टिपला. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हेही ध्यानात ठेवून निघा.

बारवेचं गणित उलटं. वीरगळाला दुपार वाईट, बारवेला दुपार चांगली, कारण ऊन डोक्यावर असेल तरच तळापर्यंत उजेड पोचतो. पण बारव या भिंगात मावत नाही. फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबानं ते २८ मिलिमीटरपासून सुरू होतं (हा आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं), आणि चारी बाजूंच्या पायऱ्या एका चौकटीत घ्यायला ते पुरत नाही. चकतीवर पॅनोरमाची खूण आहे, कॅमेरा सावकाश फिरवत न्यायचा. उभा धरून फिरवला तर बरं येतं, तरी पायऱ्यांच्या सरळ रेघा वाकतात. बारवा हेच मुख्य काम असेल तर जास्त रुंद भिंगाचा कॅमेरा बघा.

उन्हात पडद्यावरचं दिसायला त्रास होतो, तो कुठल्याही पडद्याला होतो. मी डोक्यावरून पदर घेते आणि कॅमेऱ्यासकट आत शिरते. जुन्या काळी फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचे, तसं. पुढची बाजू सपाट आहे, म्हणून बोटं टेकतात तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आणि दोरी मनगटात अडकवल्याशिवाय बाहेर काढत नाही. बॅटरी ३३० फोटो देते असं कंपनी सांगते. मी सारखी मागं जाऊन मोठं करून अक्षरं तपासते, त्यामुळे मला दोनशेच्या आसपास मिळतात. चार्जिंग साध्या मायक्रो यूएसबी वायरनं होतं, पॉवर बँकही चालते. गावात लाइट नसली तरी अडत नाही. सुगीत खळ्याजवळ मात्र कॅमेरा उघडू नका. आतबाहेर होणाऱ्या भिंगाबरोबर बारीक भुसा आत ओढला जातो आणि सेन्सरवर बसलेला कण घरी काढता येत नाही.

जुना घेताना एवढं बघाच. एफ ११ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. भिंग आतबाहेर होताना कुरकुर ऐकू येते का, बॅटरी फुगलीय का, तेही तपासा. आणि कार्ड ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. मी एका दुकानातून स्वस्तात ६४ जीबीचं घेतलं. पानगावच्या विठ्ठल मंदिराचे एका दिवसाचे फोटो त्यावर होते. घरी आल्यावर निम्मे उघडले, निम्मे उघडलेच नाहीत. कार्डावर लिहिलं होतं तेवढी जागाच त्यात नव्हती. नवं कार्ड आणलं की आधी घरातलंच काहीबाही काढून पूर्ण भरा, संगणकावर उतरवून बघा, मगच कामाला लावा. पानगावला मी पुन्हा जाऊन आले.

मुलांचे खेळ, पळती जनावरं, लांबचे पक्षी टिपायचे असतील तर हा घेऊ नका, त्याचा झूम ३.६ पटच आहे. दगड, देऊळ, माणसाचा शांत चेहरा, जुनी कागदपत्रं, पोथ्या, यांच्यासाठी या पैशात मला याहून बरा सापडला नाही.

गेल्या महिन्यात सासरच्या गावी गेलो. वेशीतला वीरगळ रंगाखाली आहे, पण विहिरीच्या वाटेवर दुसरा एक अर्धा जमिनीत रुतलेला आहे, त्याला कुणी रंग दिलेला नाही. सकाळी साडेआठला नातीनं झोत धरला. एफ ५.६, उणे १. फोटो ५४७२ बाय ३६४८ ठिपक्यांचा येतो, म्हणजे १२ बाय १८ इंचांची प्रिंट न ताणता निघते. ती काढून गावी नेली. पारावरच्या एका आजोबांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "बाई, हा घोडा हाय व्हय? मी जलमभर त्याला बैल समजायलो." प्रिंट मारुतीच्या सभामंडपात लावायची ठरली आहे. फ्रेम लातूरला टाकलीय.